चोवीस नंबरचा थांबा

वडगावात आमच्या गल्लीत बत्तीस माग चालतात.
दुर्वाची झोळी आम्ही शेडच्या आढ्यालाच बांधली होती.
त्या खडखडाटात निवांत झोपायची.
बघणारे म्हणायचे, विणकराचं रक्त आहे.
आणि करंट गेला, गल्ली गप्प झाली,
की दचकून उठायची, रडायची.
त्यामुळंच तर आम्हाला वाटलं, हिला ऐकू येतं.

आढ्यातून झोळीत उतरणारी ती थरथर होती.
ती तुटली की पोरगी जागी व्हायची,
एवढं कळायला आम्हाला तीन दिवाळ्या लागल्या.

डॉक्टरीणबाई गदगकडच्या. त्या कन्नडात सांगायच्या,
मी मराठीत करून अक्काला.
अक्का माझी थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली.
सासूही तीच. तिची सुलभा मी केली.
"किवी" म्हणजे कान, एवढं तिला अजून येतं.

कानाच्या आत शंखासारखं वेटोळं.
तिथं पेशी भिंतीला भिंत लावून बसलेल्या,
आणि भिंतीभिंतीत दारं.
एका दाराला बारा फळ्या:
सहा या घरानं घालायच्या, सहा शेजाऱ्यानं.
एकट्याला कुणालाच पुरतं दार करता येत नाही.
फळीचं नाव कनेक्सिन सव्वीस.
आवाज आला की पोटॅशियम आत शिरतं,
काम झालं की या दारांतून घरोघर होत
निघालं तिथं परत पोचतं.
नाही पोचलं, तर पुढचा आवाज उचलायचा कशानं?

"म्हणजे धोटा की रं," अक्का म्हणाली.
मी सांगितलं, "लाळी अंतारे."
बाई हसल्या. "हौदु. लाळी."
तेवढ्यापुरतं तिघांचं एकच झालं.

मग कागदावर त्यांनी रेघ ओढली.
एक फळी म्हणजे दोनशे सव्वीस मणी, ओळीनं ओवलेले.
कुठल्यामागं कुठला, ते तेराव्या गुणसूत्रावर लिहिलेलं.
दुर्वाच्या लिखाणात एकच अक्षर बदललंय,
आणि चोविसाव्या जागेवर मणी नाही.
"इल्ली निल्दाण," बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, "अक्का, तिथं थांबा आहे."
"कशाचा थांबा? एस्टीचा?"
मी काय सांगणार. दोनशे दोन मणी
गाडीत बसलेच नाहीत.

एक बिघडलेली प्रत माझ्याकडची, एक सुलभाकडची.
आमच्या दोघांच्या दुसऱ्या प्रती धड,
म्हणून आम्ही ऐकतो.
सुलभाची आली अक्काकडून.
अक्काची आणि माझी एकाच घरातून,
आईकडून की बाबांकडून, ते विचारायला आता कुणी नाही.

"माझ्या पदरातनंच गेलं म्हण की."
"माझ्याही, अक्का."
"तू पुरुष. तुला पदर कुठला."

स्टँडवर पाट्या कन्नडात. मी तिला निपाणीच्या गाडीत बसवलं.
शिट्टी झाल्यावर खिडकीतून म्हणाली,
"ते मशीन बसवलं की ऐकंल म्हणाली नव्हं बाई?"
"म्हणाली. नस शाबूत आहे. बसवलं तर शिकंल."
"मग मामाभाचीचं कशाला काढलं तिनं?"
गाडी हलली. बरं झालं.

घरी सुलभा मागावर होती, शहापूरच्या सावकाराची ऑर्डर.
शेडमध्ये आम्ही तोंडानं कधी बोलतच नाही.
सूत संपलं, चहा झाला, कोण आलंय,
सगळं हातानं; आमच्या आजापासून.
मी मागापलीकडं उभा राहिलो.
कानावर बोट ठेवलं. तिच्याकडं, माझ्याकडं दाखवलं.
बारीक मणी ओवून दाखवले, हवेत.
मग तळवा आडवा धरला: थांबा.

सुलभानं दांडी ओढली आणि माग बंद केला.

तिच्या कमरेला टेकून दुर्वा उभी होती, एक हात लाकडावर.
आता थरथर नाही म्हटल्यावर
तिनं मान वर करून आधी मागाकडं बघितलं,
मग माझ्या हाताकडं,
जो अजून खाली आला नव्हता.